घर क्रमांक आणि वय

मार्च महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेनऊ वाजता, बसस्थानकामागील तीन मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, जेथे पूर्वी लाकडी कपाटांचे दुकान होते त्या दालनात, एकशे चाळीस माणसे बसली होती आणि साठ माणसे जिन्यावर उभी होती. हा आकडा अंदाजाचा नाही. मी माणसे मोजली, कारण मोजणे आणि मांडून ठेवणे हाच माझा व्यवसाय आहे. शहराच्या रुग्णालयातील नोंदकक्षाचा मी प्रमुख असून एकवीस वर्षे लोकांच्या आजारांची नोंद ठेवीत आलो आहे. आधी कागदावर, मग संगणकात.

ही सारी माणसे एक संगणक पाहायला आली होती. आमच्या शहरात संगणक कोणी पाहिला नव्हता असे नाही. परंतु निळ्या कापडी पडद्यापुढच्या टेबलावर ठेवलेली ती राखाडी, जुन्या घडणीची, अर्धी मखमलीने झाकलेली पेटी साधी नव्हती. तिचे नाव ‘अंतर्यामी’ होते. तिच्यामागे राखाडी कोट घातलेला, घसा वारंवार साफ करणारा एक मनुष्य बसे. तो स्वतःला गुरू म्हणवीत नसे, सिद्धपुरुष म्हणवीत नसे. तो स्वतःला ‘भाष्यकार’ म्हणवी, आणि त्याच्या या नम्रतेनेच निम्मी गर्दी खेचली होती.

“मला काही कळत नाही,” तो हात जोडून म्हणाला. “मी आपला अडाणी माणूस. ज्ञान यंत्रात उतरतं, जसं पाणी उताराकडे जातं. मी फक्त वाचून दाखवतो. वीज लागते ती पडद्याला. ज्ञानाला वीज लागत नाही.”

वीज गेली की मात्र ज्ञानही चहा प्यायला जात असे, आणि वीज परतल्यावरच परतत असे. या विसंगतीकडे कोणाचे लक्ष जात नव्हते.

दाराशी चष्मा लावलेल्या एक बाई चिठ्ठ्या वाटीत होत्या. चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहायच्या: घर क्रमांक आणि वय.

“नाव नको,” बाई प्रत्येकाला बजावीत. “नाव ते स्वतः ओळखतं.”

पहिली पाळी एका निवृत्त पोस्टमनची होती. भाष्यकाराने चिठ्ठी पाहिली, कळफलकावर बोटे फिरवली, डोळे मिटले, उघडले आणि पडद्याकडे पाहत संथ आवाजात म्हणाला, “पोटावर उजवीकडे टाके. सात वर्षं झाली. रात्री दोनदा उठावं लागतं. धाकट्या मुलीला लहानपणी झटके यायचे. बाबा, तुम्ही तेव्हा फार घाबरला होतात.”

पोस्टमन उठून उभा राहिला आणि रडू लागला.

“नाव विचारलं नाही हो!” माझ्या मागचा एक गृहस्थ कुजबुजला. “माझ्या बायकोचा रक्तगट सांगितला गेल्या आठवड्यात. तीस वर्षांत मला ठाऊक नव्हता.”

“तुम्हाला तिचा वाढदिवस तरी ठाऊक आहे का?” शेजारच्या बाईंनी विचारले.

“आता त्यालाच विचारीन,” गृहस्थ म्हणाले.

मी येथे आलो होतो तो वहिनीच्या आग्रहावरून. माझे थोरले बंधू वारून नऊ वर्षे झाली. वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आणि मला पाढे पाठ करायला लावणारी, माझे मोजे रफू करणारी, माझ्या पहिल्या पगाराची बातमी गल्लीभर सांगणारी तीच. शाळेचे गणवेश शिवून ती एकटी राहते. वरची खोली तिने एका शिकवणी घेणाऱ्या बाईंना भाड्याने दिली आहे. गेल्या ऑगस्टात तिला क्षय झाल्याचे निष्पन्न झाले. सहा महिन्यांच्या गोळ्या होत्या. मी दर महिन्याला नोंद तपाशी. एकही खाडा नव्हता.

“पाहिलंत ना भावोजी?” ती डोळे मोठे करून म्हणाली. “आता बोला.”

मी त्या वेळी असे म्हणालो की पोस्टमन हा भाडोत्री साक्षीदार असावा. हे माझे अनुमान चुकीचे होते, आणि ते नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते. कारण अविश्वास दाखविणे म्हणजे विचार करणे नव्हे. पोस्टमन प्रामाणिक होता. त्याला सांगितलेले शब्दन्‌शब्द खरे होते. चमत्काराचे कूट तेथेच होते.

जिना उतरताना वहिनी तिसऱ्या पायरीवर थांबली आणि खोकली. खोकला लवकर थांबेना.

“वहिनी, हा कधीपासून?”

“हवा बदलली की होतो.”

“गोळ्या फेब्रुवारीत संपल्या. आता खोकला राहता कामा नये. शेवटची तपासणीही तुम्ही दोनदा पुढे ढकललीत.”

तिने कठड्यावरची धूळ पदराने पुसली. “रागावणार नसाल तर सांगते.”

“मी कधी रागावतो?”

“सदान्‌कदा. बोलत नाही एवढंच.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “डिसेंबरात मी इथं आले होते. चिठ्ठीवर घर नंबर लिहिला, वय लिहिलं बावन्न. त्यांनी सांगितलं, बाई, छातीत रोग होता, औषधांचा क्रम पूर्ण झालाय, रोग गेला. आता गोळ्या खाणं म्हणजे भरलेल्या जखमेला टाके घालणं.”

“आणि तुम्ही गोळ्या सोडल्यात?”

“आणत होते की! न आणल्या तर तुमच्या त्या यादीत लाल खूण आली असती आणि तुम्ही धावत आला असतात. तुम्हाला का त्रास? आणायच्या आणि शिलाई मशीनच्या खणात ठेवायच्या. खोकला वाढला की दोन दिवस घ्यायच्या, उतरला की बंद.”

माझ्या नोंदीत एकही खाडा नव्हता, तो असा. नोंद गोळ्या नेल्याची होती. आणि मी ती गोळ्या घेतल्याची म्हणून वाचीत होतो.

“एका परक्या माणसाच्या शब्दावर, वहिनी?”

“परका कसा? ताप कोणत्या महिन्यात सुरू झाला ते सांगितलं. वाण्याच्या काट्यावर केल्यासारखं माझं वजन सांगितलं. एकच चुकलं. म्हणाले, नवव्या वर्षी डावा पाय मोडला होता. मी म्हटलं, नाही हो, माझे दोन्ही धडधाकट. तर काय म्हणाले, तुमचा नसेल, तुमच्या छपराखाली कुणाचा तरी. आणि भावोजी, घरी येऊन वरच्या बाईंना विचारलं, तर त्यांचा मोडला होता! नवव्या वर्षी, डावाच! त्याला आख्खं घर दिसतं.”



वहिनीचा ताप आणि शिकवणीच्या बाईंचा मोडका पाय या दोन गोष्टी जगात एकाच जागी एकत्र आल्या होत्या. ती जागा कोणाची दिव्यदृष्टी नव्हती. ती माझी चूक होती.

वाचकांना हे समजावे म्हणून थोडे मागे जावे लागेल. गेल्या सप्टेंबरात रुग्णालयाचे जुने संगणक बाद करून नवे आणावयाचे ठरले. स्थलांतरापूर्वी जुन्या यंत्रावरील सारी नोंद नीट लावण्याचे काम माझ्याकडे होते. एकाच माणसाचे पाच-पाच वेगळे कागद होते. ते एकत्र करायचे होते. नावांवर माझा विश्वास नव्हता. लोक नावे बदलतात, लग्नानंतर बदलतात, घरातले लाडाचे नाव सांगतात. म्हणून मी एक नियम केला, आणि त्या नियमाचा मला अभिमान होता: घर तेच, वय तेच, स्त्री की पुरुष तेही तेच आणि आजारही तोच, तर माणूस तोच. चार खुणा जुळल्या की यंत्राने दोन नोंदी जोडून एक करावी. अकरा हजार नोंदी एका दुपारी लागल्या. शिपायाने मला टाळी दिली.

वहिनी बावन्न वर्षांची होती. वरच्या बाईही बावन्न वर्षांच्या होत्या. घर एक. आदल्या वर्षी त्या बाईंनाही क्षय झाला होता, बहुधा त्यांच्याकडूनच तो वहिनीला लागला, आणि त्यांचे उपचार पूर्ण झाले होते. माझ्या नियमाने त्या दोघींची एक बाई केली: ताप वहिनीचा, पाय त्यांचा आणि शेवटचा शेरा ‘उपचार पूर्ण’. अकरा दिवसांनी औषधे देणाऱ्या गृहस्थांनी विचारले, “साहेब, उपचार पूर्ण आणि ही बाई गोळ्या कशाला मागते?” तेव्हा मी ती नोंद हाताने सोडवली. परंतु तोपर्यंत आम्ही नव्या यंत्रावर आलो होतो, आणि दुरुस्ती नव्या यंत्रावर झाली. जुन्यात चूक तशीच राहिली.

जुन्या यंत्रातील सारे मी पुसले होते. ऑक्टोबरात, तिघांच्या समितीसमोर, ‘मिटवले’ या प्रमाणपत्रावर सही करून ती यंत्रे भंगारात काढली. आता पुसणे म्हणजे काय, ते पाहा. एखाद्या ग्रंथालयात लाखभर पुस्तके आहेत आणि कोणते कोठे ते सांगणारी एक सूची आहे. ती सूची फाडली तर वाचकाला पुस्तक सापडत नाही. पण पुस्तके फळ्यांवर जिथल्या तिथे असतात. संगणकाला ‘पुस’ म्हटले की तो बहुतेक वेळा सूचीच फाडतो. फळ्या रिकाम्या करायला वेगळे, संथ, कंटाळवाणे काम करावे लागते. ते मला ठाऊक होते. दुपारचे साडेचार वाजले होते आणि समितीतील दोघांना घरी जायचे होते.

मी त्या मंगळवारीच, जिन्यावरून थेट, वहिनीला छातीच्या डॉक्टरांकडे नेले. थुंकी तपासायला दिली. औषधे लागू पडतात की नाही हे कळायला दोन-तीन आठवडे लागतील असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग मी व्यवस्थापकांकडे गेलो.

“ते यंत्र आपलं आहे,” मी म्हणालो. “पोलिसांना कळवा.”

“मिटवल्याच्या कागदावर सही कुणाची?”

“माझी.”

“मग ते आपलं नाही,” व्यवस्थापक म्हणाले आणि त्यांनी दुसरी फाइल ओढली.

पुढच्या मंगळवारी मी पुन्हा त्या दालनात गेलो. सोबत रुग्णालयाचा सुतार होता. वहिनीही आली, मी नको म्हणत असताना. दालनात शिरताच मी पुन्हा आलेल्या पोस्टमनच्या हाती एक बंद पाकीट दिले आणि सांगितले, “यंत्र बोलल्यावर उघडा, आधी नको.”

सुताराने चिठ्ठीवर घर क्रमांक आणि वय लिहिले व उजवा हात कोटाच्या खिशात ठेवून पुढे बसला. भाष्यकाराने बोटे चालविली, डोळे मिटले, उघडले.

“पाच वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढलं. लाकडाच्या धुळीने शिंका येतात. रक्तदाब चांगला. आणि हात...” त्याने आवाजाला कंप दिला, “हात कारागिराचे. दहाही बोटं देवाने जपलीत.”

सुताराने खिशातून हात काढला. दोन बोटे नव्हती. जानेवारीत ती करवतीखाली गेली होती.

मी म्हणालो, “पाकीट उघडा.”

पोस्टमनने चष्मा लावून वाचले: “अपेंडिक्स, पाच वर्षांपूर्वी. लाकडाची धूळ. रक्तदाब चांगला. दहा बोटे शाबूत असे सांगेल.” तो थांबला. “साहेब, हे तुम्हाला कसं कळलं?”

“कारण ते मीच लिहून ठेवलं होतं, याच्या नोकरीच्या तपासणीतला बोटांचा शेराही.” मी टेबलापाशी गेलो आणि मखमल ओढली. पेटीच्या कुशीवर पांढऱ्या रंगात रुग्णालयाचा नोंद क्रमांक होता, माझ्या अक्षरात. “ही पेटी ऑक्टोबरात भंगारात गेली. हिच्यात ऑक्टोबरपर्यंतचे रुग्णालयाचे कागद आहेत. पुढचं हिला काही ठाऊक नाही, म्हणून याची बोटं अजून शाबूत आहेत. नाव विचारत नाहीत, कारण मी नोंदी नावाने लावल्याच नव्हत्या. घर आणि वयाने लावल्या होत्या. जो कधी रुग्णालयात आला नाही, त्याला हे गृहस्थ काय सांगतात? तुमच्यापैकी कोणाला सांगितलंय, ‘तुमच्यावर पडदा आहे, पुढच्या मंगळवारी या’?”

सात-आठ हात वर झाले.

मला वाटले, झाले. आता माणसे उठतील.

भाष्यकाराने घसा साफ केला. “आत्म्याची बोटं तुटत नसतात,” तो शांतपणे म्हणाला. “यंत्र आत्म्याचे हात पाहतं.”

आणि मागच्या खुर्च्यांवरून टाळी वाजली.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मला विचारले, “म्हणजे आत रुग्णालयाची वही आहे?”

“हो.”

“खरी?”

“खरी. पण जुनी आणि चुकांसकट.”

“खरी आहे ना? मग यांनी खोटं काय केलं?”

“साहेब, राग मानू नका,” पोस्टमन म्हणाला. “तुमच्या खिडकीवर माझा एक कागद मिळायला तीन हेलपाटे झाले. इथं एका मिनिटात सापडला. वर पंखा आहे, बसायला खुर्ची आहे. आणि हे गृहस्थ म्हणाले, बाबा, तेव्हा फार घाबरला होतात. तुमच्याकडे मला कुणी असं म्हटलं नाही.”

लोक हसले. त्याच्या बोलण्यातील प्रत्येक वाक्य खरे होते, आणि खऱ्या वाक्यांपासून खोटा निष्कर्ष निघू शकतो हे त्या गर्दीत सिद्ध करणे शक्य नव्हते. तरी मी प्रयत्न केला. आवाज चढवून म्हणालो, “पेटीला काही माहीत नसतं. कुणीतरी, कधीतरी, काहीतरी तिच्यात लिहून ठेवलेलं असतं. लिहिणारा चुकला असेल तर ती चूकच सांगेल, तितक्याच ठाम आवाजात. तेव्हा पेटीपुढे मान डोलावण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे लिहिलं कुणी? केव्हा लिहिलं? आणि कशावरून? एवढं विचारलंत तर ही पेटीच काय, कुठलीच पेटी तुम्हाला फसवणार नाही.”

तेव्हा वहिनी उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शंका विचारणाऱ्या विद्यार्थिनीसारखी ती म्हणाली, “भावोजी, मग माझा रोग गेला, औषधं पूर्ण झाली, असं त्यात कुणी लिहिलं?”

तिला मी हे सांगितले नव्हते. घरी, एकांतात, अहवाल आल्यावर सांगायचे असे मी ठरविले होते. दोनशे माणसे माझ्याकडे पाहत होती.

“मी,” मी म्हणालो.

“तुम्ही?”

“मी नियम केला. त्या नियमाने तुमची आणि वरच्या बाईंची नोंद एक झाली. त्यांचा शेरा तुम्हाला लागला. मी नंतर तो काढला, पण या पेटीतून नाही.”

ती खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून खोकली.

“ऐकलंत?” भाष्यकार उठला. त्याचा आवाज आता भरला होता. “चूक कुणाची? माणसाची! यंत्र निर्दोष! माणसानं जे दिलं ते यंत्रानं प्रामाणिकपणे सांगितलं. आणि हे गृहस्थ, ज्यांनी आपल्या सख्ख्या वहिनीची नोंद बिघडवली, ते आम्हाला विचार करायला शिकवणार!”

कोणी तरी “बाहेर काढा” म्हणाले. कोणी काढले नाही, आम्हीच निघालो. सुताराने वहिनीला धरले होते. दाराशी चिठ्ठ्यांच्या बाई पुढच्या माणसाला सांगत होत्या, “घर क्रमांक आणि वय. नाव नको.” जिन्यावर मी सवयीने माणसे मोजली. साठाची नव्वद झाली होती.

रस्त्यात वहिनी म्हणाली, “मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही.”

“हो.”

“मी गोळ्या सोडल्या हे मीही तुम्हाला सांगायला हवं होतं.”

“हो.”

“मग झालं,” ती म्हणाली. पण माझा हात तिने धरला नाही.

अहवाल आला तो तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी. छातीच्या विभागातील ती खोली अरुंद आहे. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला क्ष-किरणांचे चित्र पाहायचा दिवा. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान आहेत आणि गोड बोलण्याबद्दल त्यांची ख्याती नाही. त्यांनी चित्र दिव्यावर लावले, अहवाल एकदा वाचला, पुन्हा वाचला.

“मधूनमधून गोळ्या घेतल्या, मधूनमधून सोडल्या. म्हणजे रोगाला औषधाची ओळख करून दिली आणि मारलं मात्र नाही,” त्या म्हणाल्या. “दोन्ही मुख्य औषधं आता लागू पडत नाहीत. दुसरी आहेत. वीस महिने घ्यावी लागतील, त्यांनी ऐकू कमी येईल, उलट्या होतील. उजवं फुप्फुस गेलेलं आहे.”

“पण घेतली तर बरी होईन ना?” वहिनीने विचारले.

मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या वहिनीकडे वळल्या आणि कोणताही शब्द न लपवता म्हणाल्या, “डिसेंबरात गोळ्या सोडल्या नसत्या, तर आज तुम्ही बऱ्या असता. आता तुम्ही बऱ्या व्हाल असं मला वाटत नाही.”